दोंडाईच्याला राहिलेला तिसरा अंक

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचा मे महिना होता. लताबाई धुळ्याहून सकाळच्या एसटीनं दोंडाईच्याला उतरल्या, तेव्हा त्यांच्या डोक्यात एवढंच होतं, की कुणाकडून तरी इस्त्री मागून आणायची आणि दुसऱ्या अंकातल्या लुगड्याच्या चुण्या मोडायच्या. सतरा वर्षं त्या नाटकात कामं करत होत्या. त्यातली शेवटची पाच-सहा वर्षं आईचीच. वय अजून चाळीसही नव्हतं, पण आवाज असा, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं, ही हाक आपल्यालाच आली.

कंपनी चुडामणभाऊंची. मालक तेच, दिग्दर्शक तेच, आणि पडदा ओढायला माणूस नसला तर तेही काम त्यांचंच. पण त्या वर्षी नाटकाला माणसंच येईनात. साक्रीला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, एरंडोलला जेमतेम तीन रांगा भरल्या. घरोघर टीव्ही आले होते. शेवटचा उपाय म्हणून भाऊंनी दोंडाईच्याला खास बायकांसाठी दुपारचा प्रयोग लावला. बाजाराच्या मागं मिरचीचं एक जुनं गोदाम रिकामं पडलं होतं. पत्र्याचं छप्पर, वर हातभर रुंदीचे झरोके. त्यात घडीच्या लोखंडी खुर्च्या मांडल्या, एका टोकाला फळ्यांचं स्टेज बांधलं आणि दिव्यापंख्यांसाठी बाहेर जनरेटर ठेवला. माल हलवून चार महिने झाले होते, तरी भिंतींतली मिरची गेली नव्हती. आत पाऊल टाकलं की ठसका लागायचा.

नाटकाची गोष्ट साधी होती. दुसऱ्या अंकाच्या शेवटी आई उंबऱ्यात उभी राहून, घर सोडून गेलेल्या मुलाला तीन हाका मारते. ओ येत नाही आणि दिवे जातात. तिसऱ्या अंकात मुलगा येतो, आणि शेवटी आई स्वतःच त्याला निरोप देते. नाटकातल्या मुलाचं नाव दिनकर.

"लताबाई, आज दिनकर नको," मेकअप चालू असताना चुडामणभाऊ म्हणाले. "इथल्या बायकांना आपलं वाटेल असं नाव घ्या. खुर्च्यावाल्याला विचारलं मी. हिलाल म्हणा."

लताबाईंनी मान हलवली. नाव कुठलंही असलं तरी हाक तशीच मारायची होती.

दीड वाजता प्रयोग सुरू झाला. बाहेर ऊन असं पेटलं होतं, की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आत चौदा बायका. पदर नाकाला लावून बसलेल्या. एक खोकली की दुसरी खोकायची, मग तिसरी. लताबाई पहिला अंक त्या खोकल्याच्या फटींतून बोलल्या. कौतिक, जो मुलाचं काम करायचा, तो विंगेत बसून टोपीनं वारा घेत होता.

दुसरा अंक संपत आला. लताबाई उंबऱ्याच्या चौकटीशी आल्या. हात कपाळाशी नेऊन त्यांनी प्रेक्षकांच्या डोक्यांवरून पार मागच्या भिंतीकडं नजर लावली.

"हिलाल... ये रे बाळा..."

कुणीतरी खोकलं.

"हिलाल... दार उघडं आहे रे..."

तिसरी हाक त्यांनी नेहमीप्रमाणे खालच्या आवाजात, आतड्यातून मारली.

"हिलाल..."

आणि खोकला थांबला. चौदाही बायकांचा, एकदम. जनरेटरचा आवाजसुद्धा लांब गेल्यासारखा वाटला. मग गोदामाच्या मागच्या टोकाकडून, जिथं खुर्च्याही नव्हत्या, तिथून आवाज आला. छातीवर काहीतरी जड ठेवल्यावर माणूस बोलेल तसा. दबलेला, तुटका, आईला 'आलो' म्हणून ओ देणारा.

"उनू... वं माय..."

दिवे गेले. ठरल्याप्रमाणेच गेले. लताबाईंनी चौकट धरली. अंधारात बायकांच्या बांगड्यांची एकच किणकिण झाली. दिवे आले तेव्हा सगळ्या माना मागं वळलेल्या होत्या. मागं कुणीच नव्हतं. एक बाई उठली, तिच्या मागं दुसरी. पाच मिनिटांत पाच जणी उरल्या आणि त्याही चपला शोधत होत्या.

"कौतिक, तू ओ दिलीस?" लताबाईंनी विंगेत जाऊन विचारलं.

"मी कशाला देऊ? मला वाटलं, भाऊंनी नवीन काही बसवलंय."

चुडामणभाऊंनी बसवलं नव्हतं. त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडं एकदा पाहिलं आणि पडद्यापुढं जाऊन हात जोडले. "प्रेक्षक नसल्यामुळं प्रयोग इथंच थांबवत आहोत. तिकिटाचे पैसे दारात परत मिळतील." आत येऊन ते कुणाकडंही न बघता म्हणाले, "पुढचे प्रयोगही रद्द. जनरेटर बंद करा. टेम्पो भरा."

पंखे थांबले. लताबाई विंगेतल्या पेटाऱ्यावर बसून चेहरा पुसत होत्या, तेव्हा समोर एक म्हातारी येऊन उभी राहिली. हातात खराटा. गोदामाची झाडलोट करणारी झुंबरबाई. सकाळी तिनंच त्यांना पाणी आणून दिलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "तू माना पोरले हाक मारी."

लताबाईंना आधी कळलंच नाही. "अक्का, ते नाटकातलं नाव..."

"हिलाल माना पोऱ्या व्हता." म्हातारी स्टेजच्या फळीवर टेकली. आवाज न चढवता, हळूहळू सांगू लागली. अकरा वर्षांमागं सोळा-सतरा वर्षांचा हिलाल याच गोदामात हमाल होता. अशाच एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना मिरचीच्या पोत्यांची थप्पी त्याच्यावर ढासळली. तो आत दबून किती वेळ आईला हाका मारत होता, कुणास ठाऊक. कुणी ओ दिली नाही. संध्याकाळी पोती हलवली तेव्हा सगळं संपलं होतं. "तवपासून मी त्याना नाव लिधं नही. घरमा नही, देवपुढे नही. नाव लिधं का तो उठी येवाव, हाई माले माहीत व्हतं. आज तू तीनदाव लिधं."

लताबाईंनी मागच्या भिंतीकडं पाहिलं.

"तो उना शे, बाई. आठेच शे. तू बलायं, तूच त्याले वाटे लाव." म्हातारीनं लताबाईंचे पाय धरले. "सकाळे तुमना माणूस सांगे, पुढला खेळमा माय पोऱ्याले वाटे लावस. तेवढं कर... मंग जा."

टेम्पो भरायला अजून अर्धा तास होता. लताबाई उठल्या. का उठल्या, हे त्यांना नंतरही नीट सांगता आलं नाही. भीती तर होतीच, पण ती 'माय' हाकही कानातून जात नव्हती. नाटकाबाहेर तसं त्यांना कधीच कुणी म्हटलं नव्हतं.

दिवे नव्हते. झरोक्यांतून उन्हाच्या चार-पाच पट्ट्या खाली आल्या होत्या, त्यांत धूळ फिरत होती. झुंबरबाई स्टेजच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली. लताबाईंनी तिसऱ्या अंकातलं आईचं बोलणं सुरू केलं. मुलाची वाक्यं येतील तिथं त्या थांबत होत्या.

"आलास? किती वाळलास रे..."

मागच्या रांगेतली एक खुर्ची करकरली. बसलेला माणूस उठावा तशी.

"तुझी वाट बघताना किती वर्षं गेली..."

पुन्हा करकर. या वेळी दोन रांगा अलीकडं.

आता मिरचीचा वास येत नव्हता. त्याऐवजी गोणपाटाचा आणि शिळ्या घामाचा वास येत होता, आणि तो वाढत होता. आणखी एक खुर्ची वाजली... मग त्याच्याही पुढची. उन्हाच्या एका पट्टीतली धूळ मधोमध फुटली, कुणीतरी त्यातून चालत आल्यासारखी, आणि पुन्हा जुळली. लताबाईंनी डोळे गच्च मिटले. शेवटचं वाक्य त्यांनी सवयीनं मागच्या भिंतीकडं तोंड करून म्हटलं.

"जा बाळा... आता मागं वळून बघू नकोस."

सगळं शांत झालं. पत्रा तेवढा उन्हानं तडतडत होता.

"गया का?" झुंबरबाईनं कोपऱ्यातून विचारलं.

लताबाईंनी डोळे उघडले नव्हते. त्यांच्या डाव्या खांद्याशी, अगदी कानाजवळ, कुणीतरी श्वास घेत होतं. थांबत थांबत, छातीवरचं ओझं उचलत घ्यावा तसा.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"गेला, अक्का," लताबाई म्हणाल्या. "गेला."

म्हातारीनं दोन्ही हातांनी त्यांच्या तोंडावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. ती रडत होती. लताबाई तिच्याकडं न बघता बाहेर पडल्या आणि टेम्पोत जाऊन बसल्या.

घरी त्यांनी नवऱ्यालाही काही सांगितलं नाही. रुपचंद एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता, सकाळी जायचा तो सात वाजता यायचा. चुडामणभाऊंची कंपनी मोडली. लताबाईंनी पुन्हा नाटकात काम केलं नाही. दोन महिने गेले. घरात काही वाजलं नाही, काही हललं नाही. फक्त दुपारी जेवणानंतर त्यांना अशी झोप लागायची, की जाग आली तरी बराच वेळ उठता यायचं नाही.

जुलैच्या शेवटी शेजारच्या खोलीत बेबाबाई नावाची बाई राहायला आली. चोपड्याकडची, बोलकी. एके दिवशी सकाळी धुणं वाळत घालताना ती सहज म्हणाली,

"तुमचा मुलगा फार गुणी आहे हो."

लताबाईंच्या हातातलं धोतर तसंच राहिलं.

"रोज दुपारी ओट्यावर बसलेला असतो. मी म्हटलं, आत जा, ऊन लागेल. तर म्हणतो, माय झोपली आहे, उठली की हाक मारील." बेबाबाईनं चिमटा लावला. "दमा आहे का त्याला? श्वास लागतो बोलताना. आणि त्या लहानीला तरी आत घेत जा."

"कुठल्या लहानीला?"

"चार दिवसांपासून तो घेऊन येतो ना ती. सात वर्षांची असेल. तुमच्यासारखीच आहे नाकाडोळ्यांनी. मी नाव विचारलं, तर म्हणते कशी, ठेवलंच नाही अजून."

लताबाईंना मूल नव्हतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण या गल्लीत यायच्या आधी, सात वर्षांपूर्वी, दवाखान्यात त्यांना एक मुलगी झाली होती आणि सकाळ व्हायच्या आत ती गेली होती, हे एका रुपचंदशिवाय इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. बारसं व्हायला ती राहिलीच नव्हती.

त्या दुपारी लताबाई जेवल्या नाहीत, आडव्या झाल्या नाहीत. दाराला आतून कडी घालून त्या भिंतीला टेकून बसल्या. बारा वाजून गेले. बाहेर ओट्यावर कुणीतरी टेकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ हलकासा दुसरा.

पोटात असतानाच तिच्यासाठी एक नाव त्यांनी मनाशी ठरवलं होतं. ते आजवर त्यांनी कुणापुढं उच्चारलेलं नव्हतं. आता ते जिभेवर येऊन बसलं होतं. लताबाईंनी पदराचा बोळा केला, तो दातांत धरला आणि वरून दोन्ही हातांनी तोंड दाबून त्या दाराकडं बघत राहिल्या.