भरून आलेली जखम

पट्ट्या बदलणं हे माझं रोजचं काम. त्यात भिण्यासारखं काही नसतं. ड्रायव्हरकाकांची पट्टीही माझ्याकडेच होती. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या ट्रकला अपघात झाला, शेजारी बसलेली बायको जागीच गेली आणि काकांची कवटी फुटली. ती जखम काही भरली नाही. तीनदा कातडी लावून झाली, पण खालचं हाडच कुजलेलं. पू वाहायचाच. वासापायी शेजारच्या खाटेवर कोणी टिकत नसे.

त्या सकाळी मी कापूस टेकवला तसे ते पुटपुटले, “हळू, सिस्टर. ती आत्ताच झोपलीय.”

“कोण?”

“आमची मंडळी. या भोकातून बोलते… बुजवू नका.”

त्यांची मुलगी खाटेच्या पायाशी उभी होती. ती एवढंच म्हणाली, “बाबा, पू मेंदूत उतरला तर मला कोण आहे?”

काकांनी ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करायला हात पुढे केला.

ऑपरेशन दहा तास चाललं. सर्जननी कुजकं हाड काढलं, पाठीचा स्नायू रक्तवाहिन्यांसकट उचलून डोक्यावर बसवला, त्या वाहिन्या कानाजवळ जोडल्या, वर मांडीची पातळ कातडी लावली. नव्या मांसात रक्त खेळतंय का, हे दर तासाला एका छोट्या यंत्रावर ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते टेकवलं. शूं… शूं… माझ्या जिवात जीव आला. मग त्या आवाजामागे आणखी एक ऐकू आला. संथ, खोल. मी काकांची नाडी धरली. ती पहिल्याशी जुळत होती. दुसऱ्याशी नाही.

सर्जननी यंत्र बदलायला लावलं. त्यावरही तेच. ते कान देऊन बसले आणि कागदावर फक्त पहिला आकडा लिहिला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

काका गुंगीत हसले. “आत… ऊब आहे म्हणते.”

तीन महिन्यांनी ते तपासणीला आले. जखम खडखडीत कोरडी, वासाचा मागमूस नाही. सर्जन खूश. मुलीनं मात्र मला व्हरांड्यात गाठलं.

“सिस्टर, त्या जागी केस येतात का हो?”

“छे. मांडीची कातडी ती. तिथे टक्कलच राहायचं.”

तिनं पर्समधून कागदाची पुडी काढून उघडली. आत वीतभर लांब, काळेभोर केस होते.

“बाबांचं बाकी सगळं डोकं पांढरं आहे,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “हे मी दर आठवड्याला कापते. आणि रोज सकाळी बघावं, तर… कुणीतरी विंचरलेले असतात.”