आलं का?

दिवसभर लोकांचे जिने चढून वायरताईचे पाय बोलायला लागले होते. इंटरनेट कंपनीत तिचं खरं नाव कुणाच्याच तोंडी नव्हतं. दुरुस्तीला जाणारी ती एकटीच बाई, म्हणून वायरताई. आजचं शेवटचं काम एका दुमजली घरातलं. दूर राहणाऱ्या मुलीची तक्रार होती, की आईशी बोलताना चित्र सारखं अडकतं.

दार काकूंनी उघडलं. डोळ्यांखाली काळं, केस कसेबसे गुंडाळलेले. आत घेण्याआधीच त्या म्हणाल्या, "खालचंच तेवढं नीट करा. वरचं असू दे."

पण वरचं असू देऊन भागणार नव्हतं. घरात तीन राउटर होते. एक बैठकीत, एक जिन्याच्या वळणावर, एक वरच्या खोलीत. तिघेही स्वतःला कारभारी समजत होते, आणि कुणाचा हुकूम ऐकायचा हे बिचाऱ्या फोनला कळत नव्हतं.

"ह्यांचा नाद," काकू म्हणाल्या. "एक पुरेना म्हणून दुसरा, दुसरा पुरेना म्हणून तिसरा. गेले तेव्हासुद्धा वर हेच करत बसले होते."

"एकाला मोठा करू, बाकीचे त्याच्या हाताखाली. पण त्यासाठी वर जावंच लागेल, काकू."

काकूंनी किल्ली दिली, पण वायरताईकडे बघितलं नाही.

वरची खोली कधीची बंद असावी. तापलेल्या प्लास्टिकचा वास येत होता, आणि त्याच्याखाली आणखी एक, ओले कपडे कोंडून ठेवल्यासारखा. टेबलावर, खुर्चीवर बोटभर धूळ. राउटरवर मात्र कणभरही नव्हती. वायरताईला नवल वाटलं, पण नवल करत बसण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं. तिनं काम उरकलं, खोलीला कुलूप लावलं आणि भिंतीला धरून खाली आली.

बैठकीत अंधारून आलं होतं. काकूंनी दिवा लावला नव्हता. वायरताई स्टुलावर टेकली आणि फोनकडे बघत राहिली. राउटरचे दिवे लुकलुकले, स्थिरावले. सिग्नल पूर्ण आला.

तेवढ्यात वरून एका थकल्या पुरुषाचा आवाज आला.

"आलं का?"

रोज जोडीदाराबरोबर काम करताना ती हाच प्रश्न ऐकायची. तोंडातून आपसूक निघून गेलं, "आलं हो!"

मग तिच्या लक्षात आलं. जोडीदार आज आलाच नव्हता. आणि वरची किल्ली तिच्याच मुठीत होती.

"काय केलंत हे..." काकूंचा आवाज जेमतेम ऐकू आला. "गेल्यापासून रोज विचारतात... संध्याकाळ झाली की सुरू. मी 'नाही' म्हणते. नाही म्हटलं की वरच थांबतात... खटपट करत राहतात."

"आणि आलं म्हटलं की?"

"पूर्वी आलं म्हटलं की काम संपायचं त्यांचं... मग खाली यायचे."

वर कुलूप निघाल्याचा आवाज झाला. पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी चाचपत. तो ओला वास जिन्यावरून पुढे आला. वायरताईनं राउटरची पिन बोर्डातून उपसली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "गेलं! परत गेलं!"

पावलं जिन्याच्या वळणावर थांबली. तिथल्या काळोखात कुणीतरी श्वास घेत होतं. मग अगदी हळू, "...आलं का?"

काकू मटकन खाली बसल्या. "राहू दे, ताई. नाही म्हणून म्हणून जीव शिणलाय माझा. कितीतरी दिवस डोळ्याला डोळा नाही."

"काकू... पण आवाज त्यांचाच आहे ना?"

काकूंनी बराच वेळ विचार केला. "त्यांचाच असणार. दुसरं कोण विचारेल मला..."

त्यांनी तिच्या हातातून पिन घेतली, स्वतःच बोर्डात बसवली, दिवे हिरवे होईपर्यंत वाट बघितली. मग जेवायला हाक मारावी तशा साध्या आवाजात म्हणाल्या, "आलं हो. या आता खाली."

वायरताईनं हत्यारं तिथंच टाकली आणि जिन्याकडे न बघता बाहेर पडली. रस्त्याच्या टोकाशी पोचल्यावर तिला स्वतःची लाज वाटली, एका म्हाताऱ्या बाईला आपण एकटं सोडून आलो म्हणून. पण परत फिरायला पाय उचलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. खुशीत होती.

"चित्र एकदम स्वच्छ येतंय हो आता! आई कितीतरी दिवसांनी झोपली म्हणे. फक्त एक विचारायचं होतं. आईच्या शेजारी बसलेले गृहस्थ तुमच्या कंपनीचे का? काही बोलत नाहीत, हलतही नाहीत. मला वाटलं, परत चित्र अडकलं... पण आई तर हलत होती."

वायरताईनं विचारलं, "तुम्ही... आईंना विचारलं नाहीत?"

पलीकडून मुलीचा आवाज खाली आला.

"विचारलं ना. म्हणाली, 'असं काय करतेस, बाबांना ओळखलं नाहीस?'... पण ताई, ते बाबा नाहीत हो."