कोरीटच्या शेतातला धूमकेतू

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. भूपेंद्र उन्हं उतरायच्या आत मोटरसायकलला दुर्बीण बांधून कोरीटला, नवनीतच्या शेतात पोचला. नवनीतला जाऊन अडीच महिने झाले होते. "माय, दसरा व्हयना का तुले शेपटीना तारा दखाडसू," असं तो आईला सांगून ठेवायचा. ते राहून गेलेलं काम करायला त्याचा मित्र आला होता. आणखी एक गोष्ट सांगायची होती. 

नवनीतची आई, रंजनाबाई, बांधावर गोणपाट टाकून बसल्या. सूर्य बुडाला, कपाशीवर अंधार उतरला आणि शुक्राच्या उजवीकडे धूमकेतू दिसू लागला; हाताने पुसलेल्या खडूच्या रेघेसारखा. भूपेंद्रने दुर्बीण तिवईवर लावून चित्र स्वच्छ केलं.

"माय, दखा."

"ऱ्हाऊ दे. त्यानाबिगर काय दखू?"

त्याने परत डोळा लावला. धूमकेतू धूसर झाला होता. फोकसची चक्री पाव फेरा फिरवल्यावर रेघ उमटली. मागे सरून तो पाणी प्यायला, पुन्हा वाकला... पुन्हा धूसर. पुन्हा बरोबर पाव फेरा.

त्याने चक्रीवरून हात काढला. नवनीत चष्मा काढून बघायचा. नंबर मोठा, त्यामुळे तो आपल्या डोळ्याला जुळेल अशी चक्री फिरवायचा; मग भूपेंद्रला दर वेळी एवढीच चक्री उलटी फिरवावी लागायची. त्यावरून दोघं भांडायचे.

पाठीमागे चंद्र चांगला वर होता. दुर्बिणीपाशी कोणी नाही, हे लख्ख दिसत होतं.

भूपेंद्र कसाबसा बांधापर्यंत आला आणि रंजनाबाईंच्या पायाशी बसला. "माय... त्या रातले मीच फोन करा व्हता त्याले. ढग फाटनात, लवकर ये, म्हणून. नईतर तो घरमाईन निंघताच नई... तो ट्रॅक्टर..."

रंजनाबाई त्याच्या केसांतून हात फिरवत हळूच म्हणाल्या, "माले ठाऊक शे, बेटा. रोज सांगस नवनीत... भूपेंद्रले काही बोलू नको, म्हणस."

भूपेंद्र त्यांच्या मांडीत तोंड खुपसून रडला.

धूमकेतू बाभळींमागे गेला तेव्हा भूपेंद्र दुर्बीण उतरवायला वळला, आणि जागीच थांबला. दुर्बीण आता पश्चिमेकडे नव्हती. तिचं तोंड खाली, बांधाकडे वळलं होतं. नेमकं रंजनाबाईंच्या चेहऱ्यावर.

रंजनाबाईंनी पदर सारखा केला, आणि दुर्बिणीकडे बघत तशाच बसून राहिल्या.