उशिराचा उजेड

बस घाटात बंद पडली. मग मकपाल पिठाचं पोतं पाठीवर घेऊन बर्फातून चालू लागली. सोव्हिएत देश मोडल्यापासून वर ती काम करायची त्या वेधशाळेत पगार पोचत नव्हता, वीज लहर आली तर यायची. पीठ तेवढं आपलं आपण न्यायचं.

मागून घसरगाडी ओढत एक उंच माणूस आला. गाडीवर ट्रकची बॅटरी बांधलेली.

"पोतं ठेवा इथे. बॅटरीला सोबत होईल."

"आणि पिठात बॅटरीतलं तेजाब सांडलं तर?"

"मग नान चांगले फुगतील."

ती हसली... हसण्याची सवय गेलेली. थंडीने ओठ फुटला.

तो एदिक. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या जर्मनांच्या खालच्या वस्तीतला, दुर्बीण फिरवणारं यंत्र दुरुस्त करायला आलेला. घरच्यांचे जर्मनीचे कागद झाले होते, हिवाळा संपायच्या आत सगळे जाणार होते. हे त्याने पहिल्याच चहाला सांगून टाकलं. त्यानंतरही तो रोज चहाला येत राहिला.

"एवढ्या गारठ्यात तुम्ही वजन करता म्हणे. कुणाचं?"

"एका आकाशगंगेच्या पोटातल्या कृष्णविवराचं."

"दिसतं?"

"नाही."

"आमच्या आत्यासारखंच. मुलगी न बघता वजन सांगते, आणि स्थळ मोडते."

मकपालने चहाची एक वाटी मधोमध ठेवली, दुसरी लांब. "हे ते. याच्या अगदी कडेला उजेड भडकतो. लांब हा वायू फिरतोय. तिथवर उजेड पोचला की तोही उजळतो – पण उशिरा. जितका उशीर, तितका तो लांब. वायू किती वेगाने पळतो, ते त्याच्या वर्णपटावरून कळतं. एवढ्या लांबून, एवढ्या वेगाने त्याला फिरवायला मध्ये किती वजन हवं... झालं."

"म्हणजे तुम्ही उशीर मोजता."

"हो. मधे खाडे पडले की सगळं फुकट."

त्याने लांबची वाटी जरा जवळ सरकवली. बोटं तिच्या बोटांना लागली, आणि तिथेच राहिली.

त्याच हिवाळ्यात आतला उजेड भडकला. आता वायू उजळायची वाट बघायची. बाकीचे एकेक करून पोटामागे शहरात उतरले होते. वेध घ्यायला उरली एकटी मकपाल. आणि एदिकची जायची वेळ आली.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. अहो-जाहो कधीच सुटलं होतं.

ती दुर्बिणीकडे बघत राहिली.

"काहीतरी बोल."

"माझं उत्तर उशिरा येईल, एदिक. गप्प आहे म्हणजे नाही, असं धरू नकोस."

निघायच्या सकाळी तिने त्याच्यापुढे नान धरला. जाणाऱ्याने एक घास तोडायचा, उरलेला तो परत येईपर्यंत टांगून ठेवायचा – तिच्या आजीपासूनची रीत.

एदिकने नान हातात घेतला, वास घेतला... आणि परत दिला.

"मी परत येणार नाही, मकपाल. आईला तिकडे माझाच आधार आहे. खोटा घास कसा घेऊ?"

बॅटरी मात्र तो तिच्यासाठी ठेवून गेला. तिने अख्खा नान खिळ्याला टांगला.

पुढचे दिवस वाईट गेले. ढग. शेगडीत खुर्च्या जाळल्या. वेधशाळेचा म्हातारा चौकीदार छाती भरून गेला. गोठलेली जमीन कुदळीला दाद देईना, पुरायला दोन दिवस लागले. त्या संध्याकाळीही हात पुसून ती दुर्बिणीशी उभी राहिली. वीज नव्हतीच, एदिकच्या बॅटरीवर काम चाललं.

एका संध्याकाळी ढग फाटले. वर्णपटातली वायूची फिकट रेघ ठळक झाली होती. वायू उजळला होता.

तिने आकडेमोड केली, पुन्हा केली. कोट्यवधी सूर्यांएवढं वजन. आकडा मोठ्याने म्हणून बघितला. घुमटातून तिचाच आवाज परत आला. एवढं वजन, आणि सांगायला माणूस नाही.

सकाळी तिने घुमट बंद केला, भिंगांवर कापड घातलं. मग खिळ्यावरून नान काढला. दगड झाला होता. तिने दात रोवून एक घास तोडला, दाढ कळवळली. उरलेला नान पुन्हा टांगला – परत आल्यावर तिचा तिलाच खायचा होता – आणि पायी घाट उतरली.

तारघरातल्या बाईने एदिकच्या नावाचा, जर्मनीला धाडायचा कागद वाचला. "'उत्तर आलं. येते.' कुणाचं उत्तर आलं, पोरी?"

"माझं," मकपाल म्हणाली. "जरा उशीर झाला."