दुपारी एक ते तीन

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे खरंच घडलंय. गेल्या मार्चमध्ये, जर्मनीतल्या ओबरगिम्सबाख गावात... आणि तेही भरदुपारी.

दफनभूमीत दोनशे चौदा दगड होते. एक नळ. एकाच हिरव्या रंगाच्या तीन झाऱ्या. खडी तर जणू कंगव्यानं विंचरलेली. गळालेलं पान एकही नाही.

या गावाला मेलेली माणसंसुद्धा रांगेत लागतात.

आल्मूट तिथं थडग्यांचे दगड तपासायला आली होती. बर्फ वितळला की जमीन सैल होते, म्हणून दरवर्षी प्रत्येक दगड यंत्रानं ढकलून बघायचा. तीनशे न्यूटन, म्हणजे साधारण तीस किलोचा जोर. हलला, तर पिवळी चिठ्ठी. मग दगड उचलला जातो.

मागे नगरपालिकेचे फ्रोमर साहेब उभे होते. गावाचा साडेसातशे वर्षांचा इतिहास तेच लिहीत होते. चर्चच्या घंटेवर सत्तर पानं, सॉसेजवर बारा. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या निर्वासितांवर एकच ओळ : "गावानं त्यांना सामावून घेतलं."

भिंतीलगत त्याच निर्वासितांपैकी एकीचा, आल्मूटच्या पणजीचा, दगड होता. फ्रोमरना गावाच्या साडेसातशे वर्षांच्या उत्सवापूर्वी तिथं बाकं टाकायची होती.

"पणजी म्हणून हळू ढकलू नकोस हं, पोरी. बाहेरच्यांचे पाये कच्चेच असतात."

"आम्ही पाऊणशे वर्षं इथंच आहोत, साहेब."

"तेच म्हणतोय. नवीनच की."

आल्मूटनं यंत्र टेकवलं. हा दगड गेला, तर गावात पणजीचं काहीच उरणार नव्हतं.

तीनशे.

दगड हलला नाही.

"पुन्हा कर."

पुन्हा तीनशे. नाहीच हलला.

तेवढ्यात...

ठक. ठक. ठक.

लाकडी दारावर थाप पडावी तसा आवाज.

फ्रोमर घड्याळ बघत वळले. "एक ते तीन शांततेची वेळ असते! कोण ठोकतंय?"

कोणीच नव्हतं. पक्षीही गप्प झाले होते...

ठक. ठक.

आवाज फ्रोमर घराण्याच्या काळ्या संगमरवराखालून येत होता. आता हळू... लहान मुलानं ठोकावं तसा.

फ्रोमरांचा चेहरा पांढरा पडला. पण तोंडून सवयीनं निघालंच, "तीननंतर या!"

आल्मूटनं झटकन वळून त्यांच्याकडे पाहिलं.

हेच शब्द आजी सांगायची. पणजी दोन लेकरांना घेऊन, हातगाडी ओढत या गावात आली, तेव्हा बर्फ पडत होता. तिनं फ्रोमरांच्या आजोबांचं दार वाजवलं. दुपारचा दीड वाजला होता. आतून एवढंच उत्तर आलं. दार तीनला उघडलं. तोवर धाकटा लेओ पायरीवरच गार पडला होता.

"हे कुठून शिकलात, साहेब?"

"शिकायचंय काय त्यात? आमच्या घरात असंच म्हणतात."

आल्मूट संगमरवराच्या मागे गेली.

"ए, त्याला हात लावायचा नाही! दीड मीटर पाया आहे!"

"नियम सगळ्यांना सारखा, साहेब."

तिनं यंत्राचं रबरी टोक दगडाला नुसतं टेकवलं.

ठोकणं थांबलं.

मग दगड सावकाश पुढे झुकला... आणि फ्रोमरांच्या चकचकीत बुटांपासून वीतभर अंतरावर आडवा झाला.

आल्मूटनं यंत्राचा पडदा वाचला.

लागलेला सर्वाधिक जोर : शून्य न्यूटन.