टेकडीवरचा बंद रिपीटर

कमानिया गेटजवळच्या रेडिओच्या दुकानात तो कनेक्टर एकच उरला होता आणि त्यावर दोन हात एकदमच पडले. शैलेंद्रने आपला हात इतक्या चटकन मागे घेतला, की विनताला हसू आलं.

"घ्या तुम्ही… कोणत्या बँडसाठी?"

"जिथं गर्दी नाही, त्या."

तो चमकला. गावातले हौशी रेडिओवाले सगळे टू मीटर बँडवर. वरचा यूएचएफ बँड ओसाडच. "तिथं आमच्या क्लबचा रिपीटर आहे. टेकडीवरून आपला आवाज गावभर पोचवतो. पण बंद आहे – सेटमध्ये क्लबचा ठरावीक सूर, टोन, घातलेला असेल त्याच्यासाठीच उघडतो."

"मग द्या ना टोन. लायसन्स आहे माझ्याकडे."

"क्लबला विचारावं लागेल…"

"अच्छा. म्हणजे मी नुसतं ऐकायचं."

शैलेंद्र कानांपर्यंत लाल झाला.

तेव्हापासून विनता संध्याकाळी राइट टाउनच्या आपल्या गच्चीवर सेट घेऊन बसू लागली. शैलेंद्रचा अँटेना दोन गल्ल्या पलीकडे दिसे. तो आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, रांझीत राहणारा त्याचा मित्र अंबादास रिपीटरवरून गप्पा मारत, ती ऐके; तिचा सेट सुरू झाला असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"त्या कनेक्टरवालीला विचारलं काहून नाही?" एकदा अंबादास म्हणाला.

"काय विचारू? तिनं टोन मागितला, तर मी क्लबचा नियम सांगत बसलो. जाऊ दे… उद्या सतन्याला मुलगी पाहायला जाऊन राहिलो. आई थकली आता. हो म्हणून टाकतो."

विनतानं बोलायचं बटण दाबलं – टोनशिवाय रिपीटर ढिम्म. मग सुचलं. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो, दुसरीवर बोलतो. शैलेंद्रचा सेट त्या दुसरीलाच कान लावून असणार! तिनं सेट थेट तिथंच लावला, गप्पा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि लायसन्सवरचा कॉलसाइन आणि नाव सांगितलं.

"शैलेंद्रजी… उद्या नका ना जाऊ. मी रोज ऐकून राहिले."

खालून तिची आई स्वेटर घाल म्हणून ओरडत होती.

"बरं," शैलेंद्र म्हणाला – सवयीनं रिपीटरवरूनच.

रिपीटरशिवाय रांझीपर्यंत विनताचा आवाज काही पोचला नव्हता; याचं 'बरं' मात्र गावभर गेलं.

"बरं काय बे?" अंबादासने विचारलं. "कोणाशी बोलून राहिला तू?"

सारा क्लब ऐकत असणार, हे विनताला कळत होतं. त्यालाही कळत असणार.

"विनताशी," तो म्हणाला. "सतना रद्द."