उसना देह

‘प्रवाळिनी’ या संशोधन-नौकेच्या नियंत्रण कक्षात सकाळपासून एकाच प्रश्नावर डोकेफोड चालली होती, आणि जगन्नाथ रेवंडकरला आता स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा आला होता.

“जुनं गणित घाला,” तो चौथ्यांदा म्हणाला.

“कारण सांगा,” यंत्रतज्ज्ञ डॉ. इरावती देवस्थळीही चौथ्यांदा म्हणाल्या.

कारण त्याच्याकडे होतं. ते सांगता येत नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

मेजावर एक कोरं मनगटयंत्र पडलं होतं. उद्या ते करुणा तांडेलच्या हातावर चढायचं होतं. करुणा जगन्नाथची सख्खी भाची. निवतीच्या समुद्रात तीस मीटर खोल चाललेल्या प्रवाळशेतीवर तिची ही पहिली बुडी. तिला पाण्याची ओढ लावली ती जगन्नाथनेच, आणि आता तोच आडवा आला होता. ती खिडकीपाशी हाताची घडी घालून उभी होती.

“तीस मीटर खाली दाबामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात, सांध्यांत विरघळतो,” इरावतीबाई म्हणाल्या. “घाईने वर आलं की सोड्याची बाटली उघडल्यासारखा...”

“फेस होतो. चौदा वर्षं बुडतोय मी, बाई. हे मला कशाला सांगता?”

“कारण तुम्ही ऐकत नाही आहात. वर येताना वाटेत किती वेळ थांबायचं, ते गणित ठरवतं. जुनं गणित सगळ्यांना एकाच मापाने मोजतं. बावीस मिनिटं, मग माणूस कुणीही असो. नवं गणित ज्याच्या त्याच्या शरीराकडून शिकतं. प्रत्येक बुडीनंतर यंत्र विचारतं, दुखतंय का? ‘नाही’ म्हटलंत की पुढचा थांबा किंचित कमी होतो, ‘हो’ म्हटलंत की वाढतो.”

“आणि हिने अजून एकदाही उत्तर दिलेलं नाही.”

“म्हणूनच नवख्याला कुणातरी अनुभवी माणसाची सगळी नोंद उसनी द्यायची. आधारदेह. करुणाची उंची, बांधा, हाडांची ठेवण, सगळं तुमच्याशी जुळतं. शिवाय तुमच्या दोन हजार तीनशे बुड्यांत एकही ‘हो’ नाही. थांबा आठ मिनिटांचा. इतकी स्वच्छ नोंद मी कुठे पाहिलेली नाही.”

जगन्नाथने चहाचा पेला उजव्या हाताने सरकवला. डावा हात मेजाखालीच राहिला. स्वच्छ नोंद म्हणे. बोटीवर चढल्यावर, चहा यायच्या आत, अंगावरचा पोशाखही न उतरवता तो ‘नाही’ दाबायचा. एक ‘हो’ गेला की वैद्यकीय तपासणी, आणि तपासणी झाली की पाणी बंद. कोल्हापूरच्या एका डॉक्टरने कधीच सांगून ठेवलं होतं, खांद्याचं हाड आतून पोखरलंय. त्याने तो कागद घरी नेलाच नाही.

“मामा, माका न्यायचाच नाय, असा सरळ सांगा ना,” करुणा अखेर बोलली. “बाकीचे आठ मिनटात वर येतले आणि मी थंय बावीस मिनटा लटकान रवतलंय. पिंजरो माझ्यासाठी कोण थांबवतलो? माझ्यावांगडा कोण बुडतलो?”

ती खोटं बोलत नव्हती. चार-पाच जण एकाच पिंजऱ्यात खाली उतरत आणि एकदमच वर येत. सगळ्यांना अडकवून ठेवणारा गडी कुणालाच सोबत नको असतो. जुनं गणित घातलं तर पोरीचं काम महिन्याभरात सुटलं असतं. नवं घातलं तर...

इरावतीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. “रेवंडकर, ठोस कारण नसेल तर मी तुमचा देह देते आहे.” त्यांचं बोट कळीवर गेलं.

“थांबा.”

त्याने डावा हात वर उचलला. खांद्याच्या रेषेपर्यंत तो कसाबसा आला आणि तिथेच अडला. जगन्नाथच्या कपाळावर घाम फुटला. “ह्याच्या वर जात नाही. सहा वर्षं झाली. हा हात मला तिला द्यायचा नाही.”

करुणाची हाताची घडी सुटली. इरावतीबाईंचा चेहरा रागाने लाल झाला. त्यांनी त्याची नोंद उघडली आणि त्याने सांगितलं तशी ती दुरुस्त करत गेल्या. पहिल्या वर्षी दुखणं अधूनमधून. दुसऱ्या वर्षी दर आठवड्याला. मग रोज. गणिताने सगळं नव्याने मांडलं आणि जगन्नाथच्या देहाचा थांबा दाखवला, चोवीस मिनिटं. जुन्या, बावळट गणितापेक्षाही दोन जास्त.

आणि त्याच क्षणी भिंतीवरच्या फलकावर, सकाळी खाली उतरलेल्या चौघांचे दिवे पिवळे झाले.

“जगू,” पिंजऱ्यातून बस्त्याव फर्नांडिसचा आवाज आला. चौघे जण पाच मीटरवर शेवटच्या थांब्याला लटकलेले होते. “ह्या घड्याळ खुळावला काय? तीन मिनटा रवली होती, आता एकोणीस दाखवता. काढ आमका वर.”

जगन्नाथने इरावतीबाईंकडे पाहिलं.

“ते रुजू झाले तेव्हा त्यांनाही आधारदेह दिला होता, आणि तो अजून त्यांच्या गणिताला जोडलेला आहे,” त्या सावकाश म्हणाल्या. “या बोटीवर सगळ्यात स्वच्छ नोंद कुणाची होती?”

हे त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं. चौघांच्या हाडांत इतकी वर्षं त्याचाच खोटेपणा मुरत होता. हवा बोटीवरून नळीने जात होती, तेव्हा खाली थांबायला धोका नव्हता. धोका वर येण्यात होता. त्याने ध्वनिक्षेपक ओढला.

“घड्याळ बरोबर आसा, बस्त्याव. खोटो मी. माझो खांदो सहा वर्षां दुखता आणि मी ‘नाय’ दाबत रवलंय. तुमच्या सगळ्यांच्या घड्याळात माझाच अंग आसा. कोण वर येव नका.”

 बस्त्यावने एक शिवी दिली, ती इथे देण्यासारखी नाही.

मग लवूचा आवाज आला. चौघांत तो सगळ्यात नवा. “काका, माझ्या ढोपरात सात-आठ म्हयने दुखता. तुमी कधी कायच बोललास नाय, म्हणान मीय बोललंय नाय.”

इरावतीबाईंनी ते नोंदवलं. लवूचा आकडा सव्वीसवर गेला. मग तिसऱ्याने कोपर सांगितलं, चौथ्याने मनगट. चौघांनाही ‘नाही’ म्हणायला शिकवणारा एकच होता.

“लिव माझापण,” सरतेशेवटी बस्त्याव म्हणाला. “कंबर. किती वर्षां, ता इचारू नको.”

त्याचा आकडा एकेचाळीसवर थांबला. म्हणजे आता पिंजरा एकेचाळीस मिनिटं हलणार नव्हता. वर यायची घाई कुणीच केली नाही.

जगन्नाथच्या स्वतःच्या मनगटावर ‘बुडी बंद’ अशी अक्षरं उमटली होती. त्याने ती वाचली आणि बाही खाली ओढली. सहा वर्षं हेच टाळत आलो, आणि झालं तेव्हा पाच सेकंदसुद्धा लागली नाहीत, याचा त्याला भयंकर राग आला.

“आता हिला कुणाचा देह देऊ?” इरावतीबाईंनी विचारलं. “स्वच्छ नोंद कुणाचीच उरली नाही. जुनंच गणित घालते.”

“नको,” करुणा म्हणाली. “मामाचोच द्या. आता तो खरो आसा.”

“चोवीस मिनिटं थांबावं लागेल.”

“बस्त्यावकाकाच्या आदी होतला माझा.”

इरावतीबाईंनी कळ दाबली. करुणाने यंत्र उचललं आणि मनगट मामापुढे धरलं. पट्टा आवळायला दोन्ही हात लागतात, आणि त्याच्या डाव्या हातात ओढण्याइतका जोर उरला नव्हता. जगन्नाथने एक टोक उजव्या हाताने ओढलं, दुसरं तिने स्वतःच दातात धरलं.